नॅचेझ (मिसिसिपी) : सासू-सासरे आणि मुलांसह तीन दिवस कसे आखावेत?

गवती_चहा
मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ह्यूस्टनहून गाडीने नॅचेझला जायचं घाटतंय. माणसं सहा. आम्ही दोघं, मुलगा १३, मुलगी ९ आणि साताऱ्याहून आलेले सासू-सासरे. सासूबाईंचा एक गुडघा बदललेला आहे. सपाटीवर मैलभर आरामात चालतात, जिने मात्र नकोत. सासरे निवृत्त इतिहासशिक्षक, प्रत्येक पाटी वाचल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. खाण्यात अंडं चालतं, मांस-मासे नाहीत.

नदी, जुनं गाव आणि थोडा इतिहास एवढंच हवंय. तीन मुक्काम. रस्ता कोणता घ्यावा? जुन्या हवेलीत राहण्याची फार इच्छा आहे, ते शहाणपणाचं आहे का? बघण्यासारखी घरं बरीच दिसतायत, त्यातली कुठली घ्यावीत? आणि तिथे शाकाहारी माणूस जगतो का?

बोरूबहाद्दर
रुमाल टाकून ठेवतो.

मेतकूट_भात
सव्हाना का नाही? तीही नदीकाठची, जुनी, जास्त देखणी आणि बरीचशी सपाट.

लाल_डबा
मेतकूट, ह्यूस्टनहून सव्हाना हजारेक मैल पडतं. तीन मुक्कामांतले दोन दिवस गाडीतच जातील. नॅचेझ साडेतीनशे मैलांच्या आसपास आहे, थांबे धरून सात तास.

रस्त्याचं सांगतो. सरळ वाट म्हणजे आय-१० ने बॅटन रूज आणि तिथून यूएस-६१ ने उत्तरेला सेंट फ्रान्सिसव्हिल, वुडव्हिल करत नॅचेझ. बॅटन रूजच्या पुढचा ९० मैलांचा तुकडा छान आहे, चौपदरी, झाडीतला. दुखणं त्याच्या आधी आहे. लाफायेत ते बॅटन रूजमध्ये अचाफलाया दलदलीवरचा १८ मैलांचा पूल लागतो. तिथे एक गाडी आडवी झाली की मागच्यांना उतरायला जागा नसते. तो संपतो न संपतो तोच बॅटन रूजचा मिसिसिपीवरचा पूल येतो आणि तिथे गर्दी रोजचीच. दुपारी तीन ते सहात तिथे पोचू नका.

दुसरी वाट : लाफायेतहून आय-४९ ने अलेक्झांड्रिया, मग एलए-२८ (लुईझियानाचा राज्यरस्ता) आणि यूएस-८४ ने फेरिडे, व्हिडालिया, आणि पूल ओलांडला की नॅचेझ. थोडी लांब, पण दोन्ही पूल टळतात. मुख्य म्हणजे नॅचेझ समोरून दिसतं. लुईझियानाची बाजू तव्यासारखी सपाट आणि पलीकडे एकदम दोनशे फुटांचा कडा, त्यावर गाव. यूएस-६१ ने आलात तर मागच्या दाराने शिरल्यासारखं वाटतं. आधी पेट्रोल पंप आणि गोदामं, मग गाव.

गाडी भाड्याने घेणार असाल तर तीन रांगांच्या एसयूव्हीच्या फंदात पडू नका. तिसरी रांग उभी केली की मागे दोन छोट्या बॅगांची जागा उरते. मिनीव्हॅन घ्या. दार सरकतं, पायरी बुटकी असते आणि मागच्या खोलगट जागेत सहा जणांचं सामान बसतं. गुडघ्यासाठी बुटकी पायरी हीच खरी चैन.

सुपारी_फुटली
आणि निघाल्यावर बेटाउनच्या बकीजला, त्या अवाढव्य पेट्रोल पंपाला, थांबून घ्या. स्वच्छतागृह या विषयावरचा ज्येष्ठ नागरिकांचा अमेरिकेबद्दलचा आदर तिथे दुणावतो.

काळी_माती
लाल_डबांनी तिसरी वाट सांगितली नाही, ती सांगते. जाताना नको, परतताना घ्या. व्हिडालिया-फेरिडेहून एलए-१५ दक्षिणेला नदीच्या बांधाशेजारून जाते आणि तासाभराच्या आत ओल्ड रिव्हर कंट्रोलच्या दारांवरूनच जाते. तेरा वर्षांच्या मुलाला अख्ख्या सहलीत हेच आवडण्याची दाट शक्यता आहे.

तिथे चाललंय काय, तर मिसिसिपीला पात्र बदलायचंय. समुद्र गाठायला अचाफलाया नदीची वाट जवळची आणि उताराची. मोकळं सोडलं असतं तर मोठा प्रवाह एव्हाना तिकडे वळला असता आणि बॅटन रूज, न्यू ऑर्लिन्स खाडीच्या काठी राहिली असती. म्हणून १९५४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, वाटणी ठरवून दिली : सत्तर टक्के पाणी मिसिसिपीत, तीस टक्के अचाफलायात. त्यासाठी बांधलेली दारं १९६३ पासून चालू आहेत. १९७३ च्या पुरात मुख्य बांधकामाच्या पायाखालची माती वाहून गेली, ते थोडक्यात बचावलं. म्हणून शेजारी आणखी एक बांधकाम आलं, ते १९८६ मध्ये पुरं झालं.

पुढे मोर्गान्झावरून यूएस-१९० धरून ओपेलुसास, लाफायेत. वाटेत पंप आणि खानावळी फार तुरळक आहेत, टाकी व्हिडालियात भरा.

मेतकूट_भात
कोयनेचे दरवाजे किती फुटांनी उचलले ही बातमी ऐकत वाढलेल्या सासऱ्यांनाही आवडेल हे.

पायरीचा_आंबा
राहण्याबद्दल. हवेलीतला मुक्काम फोटोत सुंदर दिसतो, पण आरक्षणाआधी चार प्रश्न विचाराच.

तळमजल्यावर खोली आहे का? आणि तळमजला म्हणजे जमिनीलगत, की बाहेरच्या आठ-दहा पायऱ्या चढून गेल्यावरचा? या घरांची जोती उंच असतात, त्यामुळे ‘पहिला मजला’ म्हणजे पायऱ्या नाहीत असं समजू नका. पलंग किती उंच? जुने चार खांबी पलंग इतके उंच की शेजारी चढायला पाट ठेवलेला असतो. रात्री दोनला अंधारात तो पाट सापडत नाही. न्हाणीघरात काय आहे? पायवाला जुना टब असेल तर त्याची कड ओलांडायला पाय गुडघ्यात पुरता वाकवावा लागतो, आणि बदललेल्या गुडघ्याचं नेमकं तेच होत नाही. ‘वॉक-इन शॉवर’ असे शब्द वापरूनच विचारा. चौथा प्रश्न मुलांचा. बऱ्याच ठिकाणी बारा वर्षांखालची मुलं घेत नाहीत, कारण खोलीतली प्रत्येक वस्तू दीडशे वर्षांची असते.

तडजोड अशी : दोन रात्री स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर, गावाच्या जुन्या भागात, एकमजली. तिसरी रात्र हवी तर हवेलीत, फक्त तुम्ही दोघं.

सुपारी_फुटली
शेवटचं वाक्य सासूबाईंना दाखवू नका.

खडीसाखर
पलीकडचं व्हिडालियाही राहायला वाईट नाही. साधी साखळी हॉटेलं, लिफ्ट, पार्किंग दारात. नदीकाठी सपाट फरसबंद वाट आहे, सासूबाईंना रोजचा मैल तिथे चालता येईल, समोर कड्यावरचं नॅचेझ पाहत. पुलावरून गावात पोचायला पाच मिनिटं. पूल दोन आहेत, १९४० चा आणि १९८८ चा, शेजारी-शेजारी.

नॅचेझचे जुने रस्ते चालायला बरे आहेत. एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांची ही आखणी स्पॅनिश राजवटीतली. फुटपाथ मात्र जुन्या विटांचे, झाडांच्या मुळांनी उचललेले. काठी असेल तर रबरी टोक नवं बसवून घ्या. कड्यावरची बाग आणि तिथली वाट सपाट आहे. ती बाग पश्चिमेकडे तोंड करून असल्याने सूर्य नदीपलीकडे लुईझियानात मावळतो. मार्चअखेर साधारण सव्वासातच्या सुमारास. खाली नदीकाठचा भाग, ‘अंडर-द-हिल’, तिथे सिल्व्हर स्ट्रीटने गाडीनेच उतरा. उतार घाटासारखा आहे.

तिरफळ
एक सूचना. मुलांना पाण्यात पाय बुडवू देऊ नका, घोट्याएवढेही नाहीत. वरून संथ दिसणारी मिसिसिपी खालून ओढते, आणि मार्च ते मेमध्ये वरच्या राज्यांतला बर्फ आणि पाऊस उतरत असल्याने पाणी चढतं असतं. अख्खे ओंडके वाहत येतात. नॅचेझला पूरपातळी ४८ फूट धरतात. मे २०११ मध्ये पाणी जवळजवळ ६२ फुटांवर गेलं होतं. पाणी चढलं की अंडर-द-हिलचं पार्किंग सगळ्यात आधी जातं. निघण्यापूर्वी हवामान खात्याच्या नदीपातळीच्या पानावर एक नजर टाका.

नाक्यावरचा_वाचक
आता घरांकडे येऊ. मूळ प्रश्न खरं तर तो होता.

नॅचेझमध्ये इतकी घरं उरली कशी, ते आधी समजून घ्यावं. अमेरिकेच्या यादवी युद्धात गावाने फारसा प्रतिकार केला नाही, १८६२ मध्ये शरणागती, १८६३ मध्ये उत्तरेचं सैन्य ठाण मांडून बसलं. म्हणून जाळपोळ टळली. आणि घरं इथे असली तरी कापूस बहुतांशी पलीकडच्या लुईझियानाच्या गाळाच्या जमिनीत पिकायचा. मालक कड्यावर वाऱ्यात, राबणारे पलीकडे दलदलीत.

लाँगवूड : अष्टकोनी, डोक्यावर कांद्यासारखा घुमट. १८६० मध्ये काम सुरू झालं. १८६१ मध्ये युद्ध पेटल्यावर फिलाडेल्फियाहून आणलेले कारागीर हत्यारं टाकून घरी गेले. ३२ खोल्यांपैकी तळघरातल्या ९ तेवढ्या पुऱ्या झाल्या. वरचे मजले अजून उघड्या विटा आणि तुळयांचे. मालक हॅलर नट १८६४ मध्ये वारला. मुलांना हे घर हमखास आवडतं, कारण ते अर्धवट आहे आणि भिंतीच्या आत काय असतं ते दिसतं. पायऱ्या आहेत.

मेलरोझ : राष्ट्रीय उद्यान खात्याकडे, १८४० च्या दशकातलं. आवार फुकट, घराच्या आतल्या फेरीला तिकीट आणि ठरलेली वेळ. सांगणारा खात्याचा रेंजर असतो, त्यामुळे झालरी-पडद्यांसोबत राबणाऱ्यांची हकिगतही मिळते. मागच्या अंगाला त्यांच्या राहण्याच्या खोल्या आहेत. घरातला वरचा मजला सासूबाईंनी सोडला तरी चालेल. आत शिरायला पायऱ्या किती आणि दुसरी सोय काय, हे आधी फोन करून विचारा.

स्टँटन हॉल आणि रोझाली : भव्य, पण दोन घरं पाहिल्यावर तिसऱ्या घरातलं झुंबर आणि पहिल्या घरातलं झुंबर यात फरक कळेनासा होतो. दिवसाला एक, फार तर दोन. काही घरांत फोटो काढू देत नाहीत.

मार्चअखेर म्हणजे ‘स्प्रिंग पिलग्रिमेज’चा हंगाम. १९३२ पासून चालत आलाय. एरवी बंद असलेली खासगी घरंही तेव्हा दाखवतात, खोल्यांचे दर चढतात. आरक्षण आत्ताच करा.

उंबराचं_फूल
धाग्यात विरजण घालते, राग नको. मुलांना घेऊन ही घरं बघायलाच हवीत का? माणसं विकून बांधलेल्या घरात ‘अय्या किती सुंदर जिना’ करत फिरायचं, त्याचे फोटो टाकायचे, हे पटत नाही. त्यापेक्षा न्यू ऑर्लिन्सच्या वरच्या अंगाला व्हिटनी नावाचा जुना मळा आहे. तो २०१४ मध्ये संग्रहालय म्हणून उघडला आणि सगळी मांडणी गुलाम केलेल्या लोकांच्या बाजूने आहे. तिथे न्या.

नाक्यावरचा_वाचक
व्हिटनी उत्तमच आहे, पण नॅचेझच्या वाटेवर नाही. आणि घरं टाळली तर मुलांना कळणार काय? पैसा गेला कुठे ते दिसायला घर पाहायला हवं.

उंबराचं_फूल
मग निदान माणसांचा बाजार भरायचा ती जागा तरी आधी दाखवा. झुंबराआधी.

जुनी_वही
उंबराताईंचा मुद्दा पटतो. उत्तर जागांच्या क्रमात आहे. नॅचेझला बहुतेक लोक हवेल्या आधी घेतात आणि वेळ उरला तर बाकीचं. तो उरत नाही. उलटा क्रम असा लावा.

पहिली सकाळ ग्रँड व्हिलेज. नॅचेझ हे मुळात इथल्या मूळ रहिवाशांच्या जमातीचं नाव. त्यांच्या राजाला ‘ग्रेट सन’ म्हणत, तो मातीच्या उंचवट्यावर राहायचा. फ्रेंचांनी १७१६ मध्ये कड्यावर फोर्ट रोझाली बांधला, म्हणजे हे गाव न्यू ऑर्लिन्सहून दोन वर्षांनी जुनं. जमिनीवरून बिनसलं, १७२९ मध्ये नॅचेझ लोकांनी किल्ला मारला. दोन वर्षांत फ्रेंचांनी त्यांना उखडून टाकलं आणि पकडलेल्यांना कॅरिबियन बेटांवर गुलाम म्हणून विकलं. जागा सपाट आणि फुकट, लहानसं संग्रहालयही आहे. दीड तास पुरे.

तिथून फोर्क्स ऑफ द रोड. १८३३ ते १८६३ इथे माणसांचा बाजार होता. दक्षिणेच्या या टापूत न्यू ऑर्लिन्सच्या खालोखाल मोठा. व्हर्जिनिया-मेरीलँडकडची माणसं साखळीने बांधून पायी किंवा बोटीने आणत. गावात पटकीची भीती पसरल्यावर व्यापाऱ्यांना हद्दीबाहेर काढलं, म्हणून बाजार या फाट्यावर. आज तिथे रहदारीच्या तिठ्याशी गवताचा तुकडा, माहितीचे फलक आणि काँक्रीटमध्ये बसवलेल्या बेड्या एवढंच आहे. न सांगता गेलात तर ‘हेच का ते’ म्हणून लोक गाडीतून उतरत नाहीत. फलक नीट वाचायला चाळीस मिनिटं लागतात, सासऱ्यांना एक तास द्या. सावली नाही, टोपी-पाणी सोबत. २०२१ पासून ही जागा राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे.

मग गावात विल्यम जॉन्सनचं घर. गुलाम म्हणून जन्मलेला, ११ व्या वर्षी मुक्त झालेला न्हावी. १८३५ ते १८५१ रोजची वही लिहिली, गावातल्या शर्यतींपासून उधारीपर्यंत सगळं. आणि त्याने स्वतःही गुलाम ठेवले होते. जमिनीच्या हद्दीच्या भांडणातून १८५१ मध्ये त्याचा खून झाला. साक्षीदार काळे असल्याने त्यांची साक्ष चालली नाही आणि आरोपी सुटला. तेरा वर्षांच्या मुलाशी बोलायला याहून गुंतागुंतीचं उदाहरण शोधावं लागणार नाही.

एवढं झाल्यावर दुसऱ्या दिवशी मेलरोझ. मग जिना सुंदर वाटला तरी हरकत नाही.

पायरीचा_आंबा
जुनी_वही, मेलरोझच्या जेवणघरात वर पाहायला सांगा. टेबलावर छताला टांगलेला मोठा महॉगनीचा झडप्या पंखा आहे. त्याला ते ‘पंका’च म्हणतात, शब्द आपल्याकडचाच. इंग्रजांच्या बंगल्यात बाहेर बसून दोरी ओढणारा पंखेवाला असायचा, इथे ती दोरी ओढायला गुलाम मूल उभं असे. माश्या हाकलायच्या आणि बर्फावरून वारा घालायचा. जेवणाऱ्यांचं बोलणं त्याच्या कानावर पडायचं ते वेगळंच.

जुनी_वही
बरोबर. आणि सासरे साताऱ्याचे इतिहासशिक्षक, तेव्हा फोर्क्स ऑफ द रोडला त्यांना जोतीराव आठवणारच. १८७३ ची ‘गुलामगिरी’ अर्पण केलीय ती अमेरिकेतली गुलामी मोडायला झटलेल्या सज्जनांना. हा बाजार बंद पडल्यावर दहा वर्षांनी. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, सातारा जिल्ह्यातलंच. नातवंडांना हे तिथे उभं राहून आजोबांनी सांगावं, फलकावर ते लिहिलेलं नाही.

उंबराचं_फूल
ते ‘सज्जन’ उत्तरेकडचे हो. पण हा क्रम मला चालेल. त्यात एक भर घाला : १८६३ मध्ये सैन्य आल्यावर नॅचेझमधले हजारो काळे पुरुष त्यात भरती झाले. बाजारातल्या कोठड्या मोडून त्यांचं लाकूड बराकींना वापरलं. आणि १८७० मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसलेला पहिला काळा माणूस, हायरम रेव्हल्स, याच गावचा पाद्री. नाहीतर मुलांना वाटतं की ही माणसं नुसती सहन करत बसली होती.

बोरूबहाद्दर
पॉपकॉर्न आणलं होतं, पण इथे दोघींचं एकमत झालं. परत ठेवतो.

खमंग_फोडणी
पॉपकॉर्नवरून खाण्याकडे. दक्षिणेत ‘व्हेजिटेबल’ या शब्दावर विश्वास ठेवू नये. ‘व्हेजिटेबल प्लेट’मध्ये मॅकरोनी-चीज भाजी म्हणून येतं, ते ठीक. पण पालेभाजी डुकराच्या हाडासोबत शिजवलेली असते, घेवड्यात बेकन, राजमा-भातात सॉसेज, मक्याच्या पावात कधी बेकनची चरबी, बिस्किटात कधी लार्ड, म्हणजे डुकराची चरबी. टमाले मक्याचे असले तरी आत मांस आणि पिठात लार्ड. गम्बोच्या, म्हणजे मांस-मासे घातलेल्या दाट कालवणाच्या, वाटेला जाऊ नका.

‘शाकाहारी आहे का’ विचारू नका, ‘हो’ म्हणतील, त्यांच्या मते हॅम म्हणजे चव. सुटं विचारा : यात बेकन, हॅम, सॉसेज, चिकनचं पाणी, लार्ड यातलं काही आहे का? आणि तळण एकाच तेलात होतं का? बहुतेक ठिकाणी कॅटफिश आणि भेंडी एकाच कढईत.

बिनधोक म्हणजे चीज ग्रिट्स (दुधा-पाण्यात केलेत का विचारून; मक्याच्या रव्याचा मऊ उपमा समजा, फोडणी नसलेला), अंड्याचे प्रकार, पिमेंटो चीज सँडविच, भाजलेलं रताळं, पिकान पाय. तळणाचं तेल वेगळं असेल तर हिरव्या टोमॅटोचे काप आणि भेंडी अप्रतिम. चहा मागितला तर गार आणि गोडमिट्ट येतो. अर्धा गोड, अर्धा बिनसाखरेचा मागा.

भाड्याच्या घरात फोडणी देताना पंखा लावा आणि खिडकी उघडा, मोहरी तडतडली की धुराचा भोंगा वाजतो. पोहे, मेतकूट, थेपले, लोणचं न्याच. रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी बऱ्याच छोट्या खानावळी बंद असतात, ते दोन दिवस घरचं धरून चला.

मेतकूट_भात
माझं नाव निघालं, धन्य झालो. आणि भेंडी तिथे कुठून आली?

खमंग_फोडणी
आफ्रिकेतून, गुलाम म्हणून आणलेल्या लोकांसोबत. ‘गम्बो’ हा शब्दही भेंडीच्या आफ्रिकी नावावरून आला असं मानतात.

मिरगाचा_किडा
व्हिजिटर इन्शुरन्स घेतलाय का? फिक्स्ड बेनिफिट घेऊ नका, काँप्रिहेन्सिव्ह घ्या. आधीच्या आजारांचं कलम

व्यवस्थापक
विम्यासाठी स्वतंत्र धागा आहे, मिरगाचा_किडा. इथे नॅचेझच राहू द्या.

मिरगाचा_किडा
बरं. मग माझ्या नावाला जागून किड्यांवर बोलतो. गवतात मातीचा भुसभुशीत ढिगारा दिसला की त्यावर उभं राहू नका, लाल आग्या मुंग्या असतात. पायावर चढेपर्यंत कळत नाही आणि मग सगळ्या एकदम चावतात. सँडल नकोत, मोजे-बूट. तीन पानांची वेल दिसली तर हात लावू नका, पुरळ एक ते तीन आठवडे पुरतो.

झाडांवरून लोंबणारं राखाडी ‘स्पॅनिश मॉस’ मुलं हमखास ओढतात. ते स्पॅनिश नाही आणि शेवाळही नाही, अननसाच्या कुळातलं आहे. जमिनीवर पडलेलं पिशवीत घालू नका, त्यात बारीक चावरे किडे असतात.

तिरफळ
वाळलेलं मॉस किती पेटतं याची एक भीषण आठवण गावात आहे. २३ एप्रिल १९४० ला ऱ्हिदम क्लबमध्ये नाच चालू असताना आग लागली. छताला शोभेसाठी हेच मॉस टांगलेलं, किडे मरावेत म्हणून त्यावर पेट्रोलियमचं औषध फवारलेलं, आणि फुकटे बघे नकोत म्हणून खिडक्या ठोकून बंद. २०९ माणसं गेली, सगळी काळ्या वस्तीतली. कड्यावरच्या बागेत स्मारकाचा फलक आहे.

हवामानाचंही सांगते. मार्च-एप्रिल हा तिकडे चक्रीवादळांचा, म्हणजे टोरनॅडोचा हंगाम. ७ मे १८४० ला नॅचेझला आलेल्या वादळात ३१७ जण गेले, बरेचसे नदीतल्या बोटींवरचे. फोनवर सरकारी सूचना चालू ठेवा. ‘वॉच’ म्हणजे तशी हवा आहे, लक्ष ठेवा. ‘वॉर्निंग’ म्हणजे वादळ दिसलंय, आत्ता हला. तळमजल्यावरची, बाहेरची भिंत आणि खिडकी नसलेली जागा, बहुधा न्हाणीघर, पहिल्या संध्याकाळीच बघून ठेवा.

लाल_डबा
तिसऱ्या दिवसासाठी नॅचेझ ट्रेस. ४४४ मैलांचा रस्ता, नॅशव्हिलजवळ संपतो, शून्याचा दगड नॅचेझला. टोल नाही, ट्रक नाहीत, जाहिराती नाहीत. वेगमर्यादा ५०, आणि रेंजर ती मनावर घेतात. रस्त्यावर पेट्रोल पंप नाही, फोनची रेंज मधूनमधून जाते, नकाशा उतरवून ठेवा.

मैल १०.३ ला एमराल्ड माउंड : सुमारे आठ एकरांचा मानवनिर्मित मातीचा चौथरा, ३५ फूट उंच. वर चढायची वाट चढणीची आहे, सासूबाईंनी खालून पाहावं, खालूनच त्याचा आकार जास्त कळतो. १५.५ ला माउंट लोकस्ट ही जुनी सराई, स्वच्छतागृह इथेच उरकून घ्या. ४१.५ ला संकन ट्रेस : हजारो पावलांनी आणि खुरांनी खचलेली खोल वाट, दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती. वाऱ्याने आणून टाकलेली ही माती, लोएस म्हणतात, उभी कापली तर उभीच राहते आणि भिजली की साबण होते. पाऊस पडून गेला असेल तर उतरू नका. वरून दिसतं.

वेळ असेल तर पोर्ट गिब्सनजवळ विंडसरचे अवशेष. १८६१ मध्ये पुरी झालेली हवेली १८९० मध्ये जळाली, २३ खांब तेवढे उभे आहेत. सोयी काही नाहीत.

खडीसाखर
आणि व्हिक्सबर्ग?

लाल_डबा
नॅचेझहून दीड तास. युद्धभूमीत १६ मैलांचा गाडीरस्ता, गाडीमागे २० डॉलर, सात दिवस चालतात. ४७ दिवसांच्या वेढ्यानंतर ४ जुलै १८६३ ला शहर पडलं. यूएसएस कैरो ही सुरुंगाने बुडवलेली आणि शंभर वर्षांनी वर काढलेली चिलखती बोट मुलांसाठी. दरडींमुळे रस्त्याचा काही भाग बंद असतो, पाहून जा. पण ट्रेस आणि व्हिक्सबर्ग एका दिवसात कोंबू नका. दोन्हींपैकी एक.

पायरीचा_आंबा
नऊ वर्षांच्या मुलीसाठी : पोचल्याबरोबर ‘ज्युनियर रेंजर’ची पुस्तिका मागा. फुकट असते. उत्तरं लिहून दिली की रेंजर शपथ देऊन बिल्ला लावतात. शेवटच्या दिवशी मागितली तर घाई होते आणि बिल्ल्यावाचून रडारड.

गवती_चहा
सगळ्यांचे आभार. आता ठरलंय ते असं. जाताना अलेक्झांड्रियावरून, परतताना एलए-१५. मुक्काम एक वाढवलाय, चारही रात्री व्हिडालिया, हवेली रद्द (सुपारी_फुटली, प्रतिसाद दाखवलेला नाही). पहिला दिवस जुनी_वहींच्या क्रमाने. दुसरा मेलरोझ आणि लाँगवूड. तिसरा ट्रेस, ४१.५ पर्यंत आणि परत. व्हिक्सबर्ग नाही. पोचायचा दिवस रविवार आहे, थेपले बांधते.

एकच राहिलं. लाँगवूडच्या वेळी सासूबाईंनी काय करावं?

नाक्यावरचा_वाचक
आवार मोठं आणि सावलीचं आहे, बाहेरून घुमट बघायला मिळतो. घडीची खुर्ची गाडीत टाका. फक्त बसण्याआधी खालची माती बघा.

मिरगाचा_किडा
मुंग्या!